परदेशात शिकताना एकट्याने प्रवास: कागदपत्रांपासून सीमेपलीकडच्या मुक्कामापर्यंत, क्रमाने

जर्मनीत शिकायला आलेली मराठी मुलं फिरतात भरपूर, पण क्रम चुकवतात. पहिल्याच सुट्टीत चार-पाच जण मिळून पॅरिस गाठतात, नाहीतर थेट स्वित्झर्लंड. त्या घोळक्यात तिकिटं एक जण काढतो, हॉस्टेलही तोच बुक करतो आणि गाडी रद्द झाली की धावपळही त्यालाच करावी लागते. बाकीचे त्याच्या मागून चालतात. पुढच्या वर्षी इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी अनोळखी शहरात एकट्याने जायची वेळ आली, की प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणासुद्धा त्यांना कळत नाही. उलटी चूकही तितकीच दिसते. एकट्यानेच जायचं ठरवून पहिला प्रवास तीन देशांचा आखायचा, स्वस्त विमान घ्यायचं आणि अनोळखी गावात मध्यरात्री उतरायचं. असा एक प्रवास फसला की पुढचं वर्षभर शहराबाहेर पाऊल पडत नाही.

एकट्याने निर्णय घ्यायची सवय लागते ती चढत्या क्रमाने. आधी अर्ध्या दिवसाची फेरी, मग पूर्ण दिवसाची, मग एका रात्रीची आणि सीमा सगळ्यात शेवटी. उदाहरणं स्टुटगार्टची घेतली आहेत. तुम्ही आखेन, माग्डेबुर्ग किंवा केमनित्समध्ये असाल तर गावांची नावं बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा 1: आधी कागद, मग तिकीट

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स परमिटचं कार्ड समोर ठेवा आणि दोन्हींच्या मुदतीच्या तारखा वहीत लिहा. कार्ड अजून मिळालेलं नसेल तर भारतातून घेऊन आलेला डी प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा पाहा. डी व्हिसा किंवा परमिट वैध असेल तर शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस फिरता येतं. जर्मनीत राहिलेले दिवस या 90 मध्ये धरत नाहीत. इथे अनेकांचा गोंधळ होतो आणि ते उगाच घाबरतात.

घाबरायला हवं ते वेगळ्याच कागदाला. व्हिसा संपत आला, परमिटसाठी अर्ज केला, पण आउसलेंडरबेहोर्डंची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, भेटीची तारीख लांबची मिळाली, की हातात एक तात्पुरता कागद येतो: फिक्शन्सबेशाइनिगुंग. त्यावर तीन चौकटी असतात. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत खूण असेल तर त्या कागदावर जर्मनीत परत प्रवेश मिळत नाही. तिसऱ्या चौकटीत खूण असेल तरी तो कागद जुन्या परमिटसोबत किंवा व्हिसासोबतच ग्राह्य धरतात. मित्र काय म्हणाला यावर जाऊ नका. खूण कुठे आहे ते स्वतः पाहा, कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीच्या आतच फिरा. देश मोठा आहे, पहिल्या तीन फेऱ्यांसाठी सीमा ओलांडायची गरजच पडत नाही.

सावध: ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. जर्मन परमिटवर तिथे प्रवेश नाही, दोन्हींसाठी वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. तिथे परमिट चालतं. फोनचा प्लॅन आणि आरोग्यविमा मात्र तिथे दगा देऊ शकतात, त्याबद्दल पुढे येईलच.

तपासणी: पासपोर्ट, परमिट, विम्याचं कार्ड आणि विद्यापीठाचं ओळखपत्र यांचे दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये आहेत का? तेच फोटो फोन हरवला तरी उघडता येतील अशा ईमेलमध्येही आहेत का? त्या ईमेलचा पासवर्ड पाठ आहे का? तिसऱ्या प्रश्नाशी बरेच जण अडतात.

## टप्पा 2: खिशात आधीच काय आहे ते बघा

एकच तिकीट दोनदा विकत घेण्याची चूक सर्रास होते. सेमिस्टरच्या फीमध्ये देशभर चालणारं तिकीट आहे का ते आधी विद्यापीठाच्या पानावर वाचा. अनेक विद्यापीठांनी विद्यार्थ्यांसाठी डॉइचलँड तिकिटाचीच, म्हणजे देशभराच्या प्रादेशिक आणि शहरी वाहतुकीच्या मासिक तिकिटाचीच, सवलतीची आवृत्ती घेतली आहे, काहींचं तिकीट फक्त शहरापुरतं आहे. फीमध्ये नसेल तर डॉइचलँड तिकीट स्वतः काढता येतं. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं. परीक्षेच्या महिन्यात कुठेच जाणार नसाल तर ही तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

हे तिकीट आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही उपनगरी रेल्वे, यू-बान ही मेट्रो, ट्राम आणि शहरी बसमध्ये चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि फ्लिक्सबसमध्ये चालत नाही. पांढऱ्या-लाल आयसीईत चुकून चढलात आणि तपासनीस आला, तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही. शहरी आणि प्रादेशिक गाड्यांत विनातिकीट सापडलात तर किमान 60 युरो दंड आहे.

डीबी नॅव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये दोन गोष्टी एकदाच नीट लावून ठेवा. एक म्हणजे फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय. दुसरी, गाडी बदलायला लागणारा किमान वेळ. ॲप बिनदिक्कत सहा मिनिटांची बदली सुचवतं. सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी तो वेळ पंधरा-वीस मिनिटांवर न्या. स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकात बांधकामामुळे प्लॅटफॉर्मपर्यंत बरंच चालावं लागतं, तो वेळही धरा.

सावध: तिकीट नावावर असतं, त्यामुळे सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतंच. ते ॲपमधूनच दाखवा, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट मात्र अनेक शहरांत प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही.

## टप्पा 3: पैसे आणि फोन

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटतात. भाडं, विमा आणि किराणा गेल्यावर जे उरतं त्यातच प्रवास बसवायचा. माझा सल्ला असा, की प्रवासाच्या खर्चाहून वेगळे शंभर-सव्वाशे युरो खात्यात राखून ठेवा, एका अनपेक्षित रात्रीच्या हॉटेलसाठी. ही रक्कम नसेल तर मुक्कामाचा प्रवास पुढे ढकला, एका दिवसाचा करा.

दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा, एक पाकिटात, एक बॅगेच्या आतल्या कप्प्यात. शिवाय 40-50 युरो रोख असू द्या. छोट्या बेकऱ्या आणि गावातली जुनी रेस्टॉरंटं अजूनही रोख मागतात, काही ठिकाणी फक्त जर्मन बँकेचं गिरोकार्ड घेतात. बसण्याआधी विचारा: "मिट कार्टं?" एवढे दोन शब्द पुरतात.

फोनसाठी पॉवर बँक घ्या आणि ज्या गावाला जाणार त्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये आणि हॉस्टेलचा पत्ताही फोनमध्ये असेल, तर बॅटरी संपल्यावर तुमच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून परतीच्या गाड्यांच्या वेळा, मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

## टप्पा 4: घरी काय सांगायचं

ही तयारी कोणी करत नाही, आणि एकट्याचा प्रवास बहुतेक वेळा याच ठिकाणी बिघडतो.

घरी आई-बाबांना काळजी वाटणारच. ती कमी करण्यासाठी मुलं दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेवतात. त्याने बॅटरी संपते, मग ठिपका हलायचा थांबतो आणि नाशिकमध्ये की कोल्हापुरात सगळं घर जागं राहतं. त्याऐवजी निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा.

पहिली, संदेशाच्या वेळा. पोहोचल्यावर एक आणि संध्याकाळी एक. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. इथल्या रात्री नऊला फोन करायचं ठरवलं तर घरी साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. इथल्या संध्याकाळी सहाची वेळ ठेवा, म्हणजे घरी जेवणं आटोपून साडेनऊ-साडेदहा झालेले असतात.

दुसरी, जर्मनीतला एक माणूस. वर्गमित्र, खोलीवरची मैत्रीण, कोणीही चालेल. तुमचा मार्ग, मुक्कामाचा पत्ता आणि परतीची गाडी त्याच्याकडे लेखी असू द्या, आणि त्याचा नंबर घरी. संदेश आला नाही तर घरच्यांनी आधी त्या माणसाला फोन करायचा, गावभर नातेवाइकांना नाही.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची: आधी निर्णय, मग फोन. गाडी चुकली की हात आपोआप घरचा नंबर लावतो. पण "आई, गाडी चुकली, काय करू?" याचं उत्तर सहा-सात हजार किलोमीटरवरून कुणी देऊ शकत नाही. तिला फक्त धास्ती बसते आणि तुमची पुढची गाडी बोलण्यात निघून जाते. फलकापाशी उभे राहा, पुढची गाडी शोधा, तिच्यात बसा. मग सांगा: "एक गाडी चुकली होती, पुढची मिळाली, नऊला पोहोचेन." प्रवास तोच, पण घरच्यांच्या मनात तुमच्याबद्दलचा विश्वास या वाक्याने वाढतो. तुमच्याही मनात.

## टप्पा 5: पहिली फेरी, अर्धा दिवस

गाव अर्ध्या तासाच्या आत, गाडी थेट, वेळ सकाळची. स्टुटगार्टहून एस्लिंगन चांगलं. एस-बानने पंधरा-वीस मिनिटं, गाड्या वारंवार, जुनं गाव पायी फिरता येण्याजोगं.

इथे स्थळ पाहणं दुय्यम आहे. चार कामं एकट्याने करायची आहेत:

1. स्थानकातला फलक वाचून गाडी शोधायची, ॲप न उघडता. पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या असतात, पांढऱ्यावर येणाऱ्या. पांढरा कागद वाचून प्लॅटफॉर्मवर धावणारे पुष्कळ दिसतात.
2. एका अनोळखी माणसाला काहीतरी विचारायचं. जर्मन तोडकंमोडकं असलं तरी चालेल.
3. एकट्याने टेबलावर बसून काहीतरी मागवून खायचं.
4. नकाशा बंद करून गावातून स्थानकापर्यंत परत यायचं.

तिसरं काम सगळ्यात जड जातं. आपण एकटं जेवायला बसत नाही, आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. जर्मनीत एकट्याने टेबलावर बसलेलं माणूस रोजचं दृश्य आहे, कुणी मान वर करूनही पाहत नाही. डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी असली, तरी या फेरीत एक कॉफी आणि एक पदार्थ विकत घ्याच. शाकाहारी असाल तर "ओहनं फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. परतलेल्या बटाट्यांत किंवा डाळीच्या सुपात श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सहज असतात. "ओहनं श्पेक, ओहनं फिश" हेही स्पष्ट म्हणा.

तपासणी: चारही कामं झाली? एखादं राहिलं असेल तर पुढच्या आठवड्यात तीच फेरी दुसऱ्या गावाला करा. पुढच्या टप्प्यावर उडी नको.

## टप्पा 6: पूर्ण दिवस, आणि गाडी बिघडते तेव्हा

आता मुद्दाम गाडी बदलावी लागेल असं ठिकाण निवडा. स्टुटगार्टहून ट्युबिंगन, तिथे गाडी बदलून हेशिंगन आणि तिथून बसने होहेनझोलर्न किल्ला. यात एक बदली आहे आणि शेवटी क्वचित सुटणारी बस. सरावाला याहून चांगलं काय हवं?

आखणी उलटी करायची, परतीपासून. त्या ठिकाणाहून सुटणारी शेवटची गाडी शोधा आणि तिच्या आधीची गाडी स्वतःसाठी पक्की करा. शेवटची गाडी राखीव राहू द्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी छोट्या मार्गांवर गाड्या कमी धावतात, म्हणून वेळा त्याच वाराच्या बघा. डिसेंबरच्या मध्यावर वेळापत्रकही बदलतं. शिवाय डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. सकाळी अकराला निघून "दिवसभर" फिरायला गेलात तर हातात फार थोडा उजेड उरतो.

आता मुख्य भाग. जर्मन गाड्या उशिरा येतात, रद्द होतात, प्लॅटफॉर्म बदलतात. काय करायचं ते आधीच माहीत असलं तर घाम फुटत नाही.

प्लॅटफॉर्म बदलला. घोषणेत "होइटं फोन ग्लाइस" आणि पुढे आकडा ऐकू येतो, म्हणजे आज अमुक क्रमांकावरून. फलकावर पांढरी पट्टी सरकत असते. प्लॅटफॉर्मवरची सगळी माणसं एकदम जिन्याकडे वळली तर त्यांच्यामागे जाण्याआधी फलकावर आपल्या गाडीचा क्रमांक बघा. तेवढ्या पाच सेकंदांना वेळ असतो.

गाडी रद्द झाली. फलकावर "फेल्ट आउस" येतं. ॲपमध्ये नवा मार्ग शोधा, त्याच दिशेची पुढची गाडी घ्या. पर्यायी बस असेल तर "एसईव्ही" लिहिलेलं दिसतं. ही बस बरेचदा स्थानकासमोर नसून बाजूच्या रस्त्यावरून सुटते, म्हणून पाट्यांचा माग काढत आधीच जाऊन उभे राहा. पुढची गाडी या बसची वाट बघेल असं धरून चालू नका.

उशिरामुळे पुढची गाडी चुकणार. डॉइचलँड तिकीट असेल तर पुढची कोणतीही प्रादेशिक गाडी घ्या, पण त्याच तिकिटावर आयसीईत चढू नका. लांब पल्ल्याचं स्वस्त तिकीट, म्हणजे श्पारप्राइस, एरवी त्याच गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी पोहोचायला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. हे माहीत नसल्यामुळे मुलं नवीन तिकीट काढतात आणि पैसे घालवतात.

गाडीचे दोन भाग होतात. नवख्याला सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट ही. एकच गाडी वाटेतल्या एका स्थानकावर तुटते, पुढचे डबे एका गावाला जातात आणि मागचे दुसऱ्या. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी, डी असे विभाग असतात आणि फलकावर कोणता भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. डब्याच्या दारावर किंवा आतल्या पडद्यावर तुमच्या गावाचं नाव दिसलं तरच बसा. शंका असेल तर शेजाऱ्याला गावाचं नाव आणि प्रश्नचिन्हाचा चेहरा पुरतो.

सावध: रविवारी सुपरमार्केट बंद असतात. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, मोठ्या स्थानकांतली दुकानं चालू असतात. खाणं शनिवारीच घेऊन ठेवा. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, म्हणून रिकामी बाटली न्या.

पहिलाच एकट्याचा प्रवास डोंगरातल्या पायवाटेचा करू नका. ब्लॅक फॉरेस्टमध्ये अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते आणि मुरगळलेला पाय घेऊन मदतीची वाट बघणं ही शिकण्याची रीत नव्हे.

## टप्पा 7: एक रात्र

एकच रात्र. दोन नाही, तीन नाही. जर्मनीच्या आत, दिवसाउजेडी पोहोचता येईल असं गाव घ्या. फ्रायबुर्ग, न्युर्नबेर्ग, कॉन्स्टान्त्स, कुठलंही चालेल.

जागा निवडताना मुलं आधी दर बघतात. माझ्या मते क्रम असा हवा: स्थानकापासून पायी किती, रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं, फुकट रद्द करता येतं का आणि शेवटी दर. रात्री आठला रिसेप्शन बंद होत असेल आणि तुमची गाडी साडेआठला पोहोचत असेल, तर तो स्वस्त पलंग काही कामाचा नाही. युगेंडहेरबेर्गं या जुन्या युवा-वसतिगृहांत सदस्यत्व लागतं, तो खर्च धरा. अनेक शहरांत मुक्कामावर वेगळा कर असतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला आहे का ते पाहा.

सामायिक खोलीसाठी स्वतःचं कुलूप न्या. लॉकर असतात, कुलूप बहुधा नसतं. पोहोचल्यावर बॅग पलंगावर टाकण्याआधी गादीच्या शिवणी बघा. ढेकूण असतील तर काळे ठिपके तिथेच दिसतात. मुलींसाठी फक्त मुलींची खोली असा पर्याय बऱ्याच हॉस्टेलांत असतो. पासपोर्ट, परमिट आणि फोन रात्री उशीखाली किंवा अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा.

रात्री उशिरा गाडीने यावंच लागलं तर रिकाम्या डब्यात बसू नका, चालकाच्या जवळचा किंवा माणसं असलेला डबा घ्या. प्लॅटफॉर्मवर एसओएस लिहिलेला खांब कुठे आहे ते उतरल्यावर एकदा पाहून ठेवा. पोलिसांचा नंबर 110, आग आणि रुग्णवाहिकेसाठी 112. जीवावर बेतलेलं नसेल पण डॉक्टर हवा असेल, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, तर 116117.

सावध: कॉन्स्टान्त्सला गेलात तर दोन गोष्टी पाळा. शहर स्विस सीमेला चिकटलेलं आहे, चालत चालत तुम्ही क्रॉइत्सलिंगनमध्ये, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये पोहोचता. कागद पुरे नसतील तर त्या बाजूला पाऊल नको. आणि फोन स्विस टॉवर पकडतो. युरोपीय संघातला रोमिंगचा नियम तिथे लागू नाही, त्यामुळे प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर खोलीत बसल्या बसल्या बिल चढतं. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि जर्मन कंपनी हाताने निवडा.

## टप्पा 8: सीमा

आता तुम्हाला गाडी, पैसा आणि रात्र एकट्याने सांभाळता येते. सीमेची सुरुवातही लहान करा. डॉइचलँड तिकिटावर केल या सीमेवरच्या गावापर्यंत जाऊन, तिथून ट्रामचं वेगळं तिकीट काढून राइन नदी ओलांडून फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. म्युनिककडे असाल तर ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, कारण तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत डॉइचलँड तिकीटच चालतं.

मूळ पासपोर्ट आणि मूळ परमिट, दोन्ही सोबत. फोटो चालत नाहीत, झेरॉक्स चालत नाही. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत पुढे वाढवत नेली. शेंगेन आहे म्हणून कोणी विचारणार नाही, हे गृहीत धरून खोलीत पासपोर्ट ठेवून निघणारे परतीच्या गाडीत अडकतात. पोलीस डब्यात आले तर शांतपणे दोन्ही कागद द्या, कुठून आलात आणि कुठे राहता ते सांगा. घाबरून जास्तीचं बोलायची गरज नसते.

विमा इथेच तपासा, निघायच्या आधी. सरकारी विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं. पण आपण युरोपीय संघाचे नागरिक नाही, त्यामुळे ते आपल्याला स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनमध्ये चालत नाही. स्वित्झर्लंडला जाणाऱ्या किती तरी मुलांना हे ठाऊक नसतं, आणि तिथे एक घोटा मुरगळला तरी बिल सगळ्या सहलीपेक्षा मोठं येतं. वेगळा प्रवासविमा काढा. खासगी विमा असेल तर त्याची कागदपत्रं काढून कोणते देश धरले आहेत ते वाचा.

काही हरवलं तर, याच क्रमाने:

1. बँकेची कार्डं बंद करा. जर्मनीत 116116, बाहेरून आधी +49 लावून. परमिटच्या कार्डाची ऑनलाइन ओळखही इथेच बंद करता येते.
2. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची लेखी प्रत. ही प्रत नसेल तर पुढचं प्रत्येक कार्यालय परत पाठवतं.
3. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. जर्मनीत दूतावास बर्लिनला, वाणिज्य दूतावास फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिकला. बाडेन-व्युर्टेंबेर्गची कामं म्युनिककडे आहेत. दुसऱ्या देशात असाल तर तिथलं भारतीय कार्यालय.
4. परमिट गेलं असेल तर तुमच्या शहरातल्या आउसलेंडरबेहोर्डंला ईमेल, तक्रारीच्या प्रतीसह.

घरी फोन यानंतर.

तपासणी: परतीच्या दिवशी परमिट किंवा व्हिसा वैध आहे का? निघायचा दिवस नव्हे, परतीचा. गाडी रद्द झाली तर पुढच्या दिवशीही वैध आहे का?

## टप्पा 9: परत आल्यावर

त्याच संध्याकाळी, दमलेले असलात तरी, खर्च लिहून काढा. ठरवला किती आणि झाला किती. बहुतेकांचा फरक खाण्यात आणि ऐनवेळी काढलेल्या तिकिटांत निघतो. परत केल्यावर पैसे मिळणाऱ्या बाटल्या बॅगेत असतील तर बाजूला काढा, प्लास्टिकची बाटली आणि कॅन यांचे प्रत्येकी 25 सेंट मिळतात.

औषधाची किंवा डॉक्टरची पावती असेल तर विम्याकडे पाठवा. गाडीच्या उशिराची भरपाईही मागा. लांब पल्ल्याच्या तिकिटावर 60 मिनिटं उशीर झाला तर तिकिटाच्या 25 टक्के आणि 120 मिनिटं झाला तर 50 टक्के परत मिळतात. अर्ज ॲपमधूनच करता येतो, मुदत तीन महिन्यांची. डॉइचलँड तिकिटावर तासाभराच्या उशिराला दीड युरो मिळतो, पण 4 युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत. म्हणून एकेक अर्ज करून नकार घेऊ नका. गाडीचा क्रमांक, तारीख आणि पोहोचल्याची वेळ लिहून ठेवा आणि असे तीन उशीर जमले की एकत्र पाठवा.